समोरच तर आहे!

रविवारी सकाळी सहा वाजता कुणी न उठवता उठणारा नवरा हा मुळातच संशयास्पद प्राणी. त्यातून तो स्वयंपाकघराकडे निघाला, तर घरच्यांनी दाराला आतून कडी लावून घ्यावी. मी तसा निघालो होतो. आई झोपलेली, बायको झोपलेली, मुलगी तर रविवारी अकराच्या आत माणसांत येत नाही. म्हटलं, आज आपल्या हातचा चहा सगळ्यांना पाजू. पातेलं मिळालं, कारण ते ओट्यावरच होतं. पाणी नळाला होतं. चहा आणि साखर आदल्या रात्रीच्या पाहुण्यांमुळे बाहेर राहिली होती. चहा उकळला. आता त्यावर ठेवायला फक्त एक झाकण हवं होतं.

मी ओट्याखालचं दार उघडलं.

पहिलं झाकण पायावर पडलं. दुसरं बहुधा पहिल्याचं काय झालं ते बघायला आलं. मग उरलेल्यांनी विचार केला असावा, की मागे राहण्यात काही अर्थ नाही. स्टीलची, पितळेची, जर्मनची, हिंडालियमची, एक काचेचं (ते मात्र मी झेललं, आयुष्यातला एकमेव झेल), अशी सगळी झाकणं पावसाळ्यातल्या घाटातल्या दरडीसारखी खाली आली. शेवटचं झाकण फरशीवर गरगर फिरत, आवाज वाढवत वाढवत एकदाचं शांत झालं, तेव्हा दारात तिघी उभ्या होत्या.

"काय हवं होतं?" बायको.

"झाकण."

"मग मिळालं ना," असं म्हणून मुलगी परत झोपायला गेली.

"बरं, गाळणी कुठाय?" मी विषय बदलला.

"समोरच तर आहे."

हे आमच्या घरातलं सगळ्यात जुनं वाक्य. मी पन्नाशी ओलांडली, पण मला न सापडलेली वस्तू समोर नव्हती, असं या घरात एकदाही झालेलं नाही. पूर्वी हे वाक्य आई म्हणायची, लग्नानंतर बायको म्हणू लागली, आणि आता मुलगीही मोबाइलमधून मान वर न करता म्हणते. घराण्यात स्त्रीधन म्हणून हे वाक्य आलं असावं.

सगळ्यांचा चहा झाल्यावर (तो शेवटी आईनेच पुन्हा केला) मी फरशीवर बसून झाकणं मोजली. चौतीस. मग झाकण लागेल अशी भांडी मोजली. एकवीस. त्यातल्या सोळांना झाकणं बसली. म्हणजे पाच भांडी उघडी आणि अठरा झाकणं अनाथ. त्यांची भांडी कुठे गेली, कधी गेली, कुणालाच सांगता येईना. आता माझ्यातला व्यवस्थापक जागा झाला. हापिसात मला कुणी विचारत नसल्यामुळे तो रविवारी घरीच जागा होतो.

"आपण स्वयंपाकघर नवीन करून घेऊ," मी जाहीर केलं. "मूळ दुखणं असं आहे, की वस्तू ठेवायला जागा नाही."

"जागा आहे," बायको म्हणाली. "पद्धत नाही."

"पद्धत आहे," आई म्हणाली. "तुम्हाला ती ठाऊक नाही."

एकाच रोग्याची तीन निदानं. अशा वेळी शहाणा माणूस औषध घेत नाही. मी सुतार बोलावला.

त्यापूर्वी थोडा कुळाचार सांगायला हवा. आमच्या आजोळी, वाईच्या वाड्यात, स्वयंपाकघरात कपाट म्हणून नव्हतंच. भिंतीत एक फडताळ होतं. दोन कोनाडे होते, एकात काडेपेटी आणि दुसऱ्यात चिमणी. कोपऱ्यात उतरंड. उतरंडीचा नियम एकच, जे हवं ते सगळ्यात खालच्या भांड्यात. आढ्याला शिंकाळं टांगलेलं असे. ते मांजरापासून लोणी वाचवायला आणि नातवंडांच्या मनात उंच होण्याची ईर्षा निर्माण करायला. वर्षाची बेगमी कोठीच्या खोलीत. गव्हात कडुनिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात. आजी अंधारात आत जायची आणि हाताने चाचपून नेमका हवा तो डबा घेऊन यायची. तिला दिवा लागत नसे. आम्ही दिवा घेऊन गेलो तरी गुळाऐवजी शिकेकाई आणायचो.

मग पुण्यात सिंहगड रस्त्याला फ्लॅट झाला. काळ्या कडप्प्याचा ओटा, कडप्प्याच्या फळ्या, भिंतीवर स्टीलची मांडणी. ती वडिलांनी बोनसमधून घेतलेली. कडप्पा हा जातीने चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू सांडलं की तो मनाला लावून घेतो. आमच्या ओट्यावर माझ्या मुंजीतल्या कोकम सरबताचा पांढुरका डाग अजून आहे. बाकी मुंजीची खूण माझ्यात काहीच उरलेली नाही, ती त्या दगडाने जपली आहे.

असो. तर मी आधी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथे टाय लावलेल्या मुलाने लॅपटॉप उघडला आणि विचारलं, "सर, तुमची कुकिंग स्टाइल काय आहे?"

"बसून," मी खरं ते सांगितलं.

मग त्याने गॅस, सिंक आणि फ्रिज यांचा 'वर्क ट्रँगल' समजावून सांगितला. मी म्हटलं, त्रिकोण आमच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे. आई, बायको आणि मी. त्याच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी येत नाही, एवढंच. तो हसला नाही. त्याने लॅपटॉपवर आमचं स्वयंपाकघर गोल फिरवून दाखवलं. त्यात एक फुलदाणी होती, तीन लिंबं होती आणि एकही कुकर नव्हता. इतकं सुंदर स्वयंपाकघर माणसं जेवत नसतील तरच शक्य आहे. शेवटी त्याने आकडा सांगितला. त्या रकमेत वडिलांनी आख्खा फ्लॅट घेतला होता, स्वयंपाकघरासकट.

मी घरी येऊन साडूंना फोन केला. प्रत्येक घराला एक असे साडू असतात, ज्यांनी नुकतंच तेच काम आपल्यापेक्षा निम्म्या पैशांत आणि दुप्पट चांगलं करून घेतलेलं असतं. ते लगेच आले, आणि येताना खिशात लोहचुंबक घेऊन आले. म्हणजे त्यांच्या फ्रिजवरचा, तिरुपतीहून आणलेला बालाजी.

"ट्रॉलीला स्टील तीनशे चारच घ्यायचं," ते म्हणाले. "दोनशे दोन खपवतात लोक. अठरा टक्के क्रोमियम, आठ टक्के निकेल, त्याला म्हणतात तीनशे चार. लोहचुंबक चिकटलं की समजायचं, फसवणूक."

मग दोन दिवस आम्ही बालाजीला घेऊन पुण्यातल्या दुकानांतून फिरलो. बालाजी कुठेच चिकटला नाही. साडू भलतेच खूश. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या दुकानदाराने चष्मा काढून शांतपणे सांगितलं, "साहेब, दोनशे दोनलासुद्धा लोहचुंबक चिकटत नाही." साडूंनी बालाजी खिशात ठेवला आणि म्हणाले, "ते मला माहीत होतं. मी तुमची परीक्षा घेत होतो." परीक्षा दुकानदाराची की माझी, हे त्यांनी स्पष्ट केलं नाही.

पुढचा अध्याय प्लायवूडचा. त्यातही साधं आणि मरीन. मरीनवर आयएस ७१० असा शिक्का असतो, आणि ते प्रमाणपत्र मिळण्यासाठी त्याचा तुकडा उकळत्या पाण्यात ७२ तास ठेवतात. हे मी कौतुकाने आईला सांगितलं. ती म्हणाली, "तीन दिवस गॅस? इतक्यात कडवे वालसुद्धा शिजतात. आणि आपल्या घरात फळ्या उकळणार कोण आहे?" या प्रश्नाला प्रमाणपत्रात उत्तर नव्हतं. पण आम्ही मरीनच घेतलं. उद्या सिंहगड रस्त्याला समुद्र आला, तर निदान कपाटं तरंगतील.

एव्हाना माझा अभ्यास फार वाढला होता. १९२६ साली मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या ऑस्ट्रियन बाईंनी फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. आगगाडीच्या भटारखान्यावरून त्यांना कल्पना सुचली होती. पीठ, तांदूळ, साखर यांना नावं घातलेले अॅल्युमिनियमचे खण. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, त्यात कीड होत नाही म्हणून. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आजच्या सगळ्या मॉड्युलर किचनची ती आजी. आणि मला त्यातली सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, हे सगळं आखण्यापूर्वी या बाईंनी स्वतः कधी स्वयंपाक केलेला नव्हता. तसं त्यांनीच पुढे सांगितलं.

"बघ," मी बायकोला म्हटलं. "स्वयंपाक न येणारा माणूससुद्धा स्वयंपाकघर आखू शकतो."

"त्या आर्किटेक्ट होत्या," बायको म्हणाली. "तुम्ही नुसतेच स्वयंपाक न येणारे आहात."

आईला वेगळीच गोष्ट लक्षात आली. "किती वर्षं जगली म्हणालास?"

"एकशे तीन पूर्ण व्हायला पाच दिवस कमी."

"मग! स्वयंपाक केला नाही ना."

आता मुख्य काम, मोजदाद. कुठे काय ठेवायचं हे ठरवायचं, तर आधी काय काय आहे ते बघायला हवं, असा माझा शास्त्रशुद्ध आग्रह. शनिवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघर हॉलमध्ये आणायला सुरुवात केली. दुपारपर्यंत हॉल संपला, बेडरूम सुरू झाली. संध्याकाळी दारात आलेला कुरिअरवाला आत डोकावून म्हणाला, "साहेब, भांड्यांचं दुकान टाकताय का?"

आमच्याकडे त्रेचाळीस श्रीखंडाचे डबे निघाले. त्यातल्या एकातही श्रीखंड नव्हतं. मराठी घरात श्रीखंडाचा डबा श्रीखंडासाठी फक्त पहिले दोन दिवस असतो, पुढची वीस वर्षं तो मोहरी, सुक्या मिरच्या, सुतळी आणि औषधांच्या पट्ट्या सांभाळतो. अकरा गाळण्या निघाल्या. या सगळ्या त्या रविवारी माझ्या समोर असणार. चार चकलीचे सोरे, तीन पुरणयंत्रं, दोन मोदकपात्रं, एक पाटा, त्याच्याशी कसलाही संबंध नसलेला एक वरवंटा, आणि कुकरच्या सात रिंगा. यांतल्या कुठल्या चांगल्या आणि कुठल्या गेलेल्या हे माहीत नसल्यामुळे सातही ठेवलेल्या.

इतक्या गाळण्या आल्या कुठून? संक्रांतीहून. मकरसंक्रांत ते रथसप्तमी हा हळदीकुंकवाचा हंगाम. त्यात लुटलेलं वाण घरी येतं. वर्षाला पंधरा घरं धरा, लग्नाला पंचवीस वर्षं धरा. पावणेचारशे वस्तू. साबणाच्या डब्या, चिमटे, वाट्या, डबुल्या, आणि गाळण्या. बाहेर जातं तितकंच आत येतं, त्यामुळे हिशेब कधी तुटत नाही. एक निळी डबी तर बायकोने ओळखलीच. "ही मी दिली होती वाणात, दहा वर्षांपूर्वी!" वसाहतीतली सगळी घरं हिंडून, पाहुणचार घेऊन ती माहेरी परत आली होती.

काही भांड्यांचा जन्म बोहारणीकडे झालेला. माझा लग्नातला सूट आज आमच्याकडे एका मध्यम आकाराच्या कढईच्या रूपाने वावरतो. कढई बघितली की मला अजून गळ्याशी घट्ट होतं. भांड्यांवर नावं घातलेली होती, तारखा घातलेल्या होत्या. आजोबांचं नाव पितळी डब्यावर, आत्याचं नाव तांब्यावर, आणि एका देखण्या स्टीलच्या डब्यावर एका साफ अनोळखी कुटुंबाचं.

"हा कुणाचा?"

"अगं बाई!" आईने कपाळाला हात लावला. "जुन्या चाळीतल्या शेजारीण बाईंचा. यातून त्यांनी अनारसे दिले होते."

"मग परत का नाही केला?"

"रिकामा डबा परत देतात का कधी? काहीतरी घालून द्यायचा म्हणून ठेवला."

काय घालून द्यायचं हे ठरेपर्यंत चाळ पाडली गेली, शेजारीणबाई मुलाकडे दुसऱ्या गावी गेल्या, आणि डबा मात्र सौजन्यापोटी आमच्याकडे तीस वर्षं अडकून पडला.

मी खडूने फरशीवर तीन चौकोन आखले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. रात्री नऊपर्यंत 'ठेवायचं'चा ढीग पंख्याला टेकला. 'द्यायचं'मध्ये तो अनारशांचा डबा होता, पण कुणाला ते कळेना. आणि 'टाकायचं'च्या चौकोनात फक्त एक वस्तू, दोरी ओढून कांदा चिरण्याचं यंत्र. ते मी हौसेने मागवलं होतं.

"आई, पण तीन-तीन पुरणयंत्रं कशाला? वर्षातून एकदा होळीला लागतात."

"तूसुद्धा वर्षातून एकदा स्वयंपाकघरात येतोस," आई म्हणाली. "तुला टाकलं का?"

यानंतर मी खडू खिशात ठेवला.

मिस्त्री आले. "आठ दिवसांत काम पूर्ण, साहेब." मिस्त्री खोटं बोलले नाहीत. आठच दिवस लागले, फक्त ते सलग नव्हते. पहिला जूनच्या सुरुवातीला होता आणि आठवा जुलैमध्ये. मधल्या काळात त्यांच्या गावाकडे दोन लग्नं झाली, बिजागऱ्या आल्या त्या उलट्या बाजूच्या आल्या, आणि आमचा स्वयंपाक बेडरूमच्या खिडकीत हलला. कपड्यांच्या कपाटाशेजारी फोडणी बसू लागली. लिफ्टमध्ये शेजारच्या काकांनी माझ्या शर्टाचा वास घेतला आणि विचारलं, "आज वांगं का?" मी म्हटलं, "वांगं काल. हा शर्ट कालचा आहे."

मापं मीच घेतली होती. हे वाक्य मी फार हळू आवाजात लिहितोय. टेपवर एका बाजूला इंच असतात आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, आणि मी उदार मनाने दोन्ही बाजूंचा उपयोग केला. ताटांची ट्रॉली बसली, ताटं बसेनात. आमची ताटं आईच्या रुखवतातली, पंगतीच्या काळची. चटणी-कोशिंबिरीला डावी-उजवी बाजू असायची, त्या मापाची. ती ट्रॉलीत घातली की दार एका बोटाने उघडं राही. मिस्त्री म्हणाले, "साहेब, ताटं लहान घ्या." म्हणजे आता आम्ही ट्रॉलीच्या मापाने जेवायचं. पाच लिटरचा कुकर बसला, पण दांडा काढून. तांदळाचा ओढता खण अगदी ऐटदार, त्यात मावतात पाच किलो. आईचा हिशेब वर्षाच्या आंबेमोहोराचा. तिने खण एकदा ओढून पाहिला, परत लोटला आणि विचारलं, "हा चिमण्यांसाठी आहे का?"

कोपऱ्यात बसवली ती गोल फिरत बाहेर येणारी जाळी. दुकानदार तिला 'मॅजिक कॉर्नर' म्हणत होता. जादू खरीच आहे. गेलेली वस्तू परत येत नाही. पहिल्याच आठवड्यात आप्पेपात्र आत गेलं. जाळी फिरवली की आतून त्याचा आवाज येतो, दर्शन होत नाही.

आणि वरची कपाटं थेट छतापर्यंत. कारण 'एक इंचसुद्धा वाया घालवायचा नाही' असं मी ठरवलं होतं. बायकोची उंची पाच फूट. आईची चार फूट दहा इंच, आणि ती दर वर्षी कमी होतेय. मी हात उंच केला तर मला कपाटाची मूठ मिळते, आत काय आहे ते दिसत नाही. त्यासाठी स्टूल हवं. स्टूल आणलं. मग लक्षात आलं, की एक इंच वाया न घालवता केलेल्या या स्वयंपाकघरात सगळ्याला जागा आहे, फक्त स्टूल ठेवायला नाही. ते सध्या देवघरासमोर आहे. पाहुण्यांना वाटतं, काही व्रत चाललंय.

खण सगळे सावकाश मिटणारे. कितीही जोरात लोटा, शेवटच्या दोन इंचांत तो थबकतो आणि सरकारी कारकुनासारखा आपल्या गतीने आत जातो. पंधरा दिवसांनी आमचं भांडण झालं. पंचवीस वर्षांच्या सवयीने बायकोने मुद्दा संपवताना खण आपटला. तो थबकला. ती थांबली. मीही थांबलो. तिघंही वाट बघत होतो. 'टुप' असा बारीक आवाज झाला, तोवर भांडण कशावरून होतं हे दोघंही विसरलो. मला हा सुखी संसाराचा मार्ग वाटला. बायको म्हणाली, "माझ्या घरात मला एक दार आपटता येत नाही!" आणि बाल्कनीत जाऊन तिथलं जुनं दार तिने समाधान होईपर्यंत आपटलं.

आता लेबलं. मुलीने एका मापाच्या बेचाळीस पारदर्शक बरण्या मागवल्या आणि सुबक देवनागरीत चिठ्ठ्या छापून लावल्या. रवा, बेसन, पोहे, साखर. दोन दिवस आम्ही जाता-येता त्या रांगेकडे संचलनाच्या सलामीसारखं पाहत होतो. तिसऱ्या दिवशी किराणा आला. बरणीत मावते पाऊण किलो, पुडा येतो किलोचा. मग उरलेल्या पाव किलोला रबरबँड लावायचा आणि तो पुडा ठेवायचा, कुठे? श्रीखंडाच्या डब्यात. म्हणजे बेचाळीस बरण्या आणि त्यांचे बेचाळीस श्रीखंडाचे डबे. त्रेचाळिसावा रबरबँडांसाठी.

त्यातून आईला चिठ्ठ्या वाचायची सवय नाही. तिला हाताची सवय. जी बरणी रिकामी दिसेल त्यात ती भरते. आषाढी एकादशीला बायकोने बरणी पाहून शिंगाड्याच्या पिठाच्या पुऱ्या केल्या. पुऱ्या इतक्या सुरेख फुगल्या, की मला तिथेच संशय यायला हवा होता. आईने तीन खाल्ल्या. चौथी मोडताना ती थांबली.

"ही कणीक आहे."

घरात सन्नाटा. सत्तावन्न वर्षांची अखंड एकादशी. बायकोने बरणी आणून दाखवली. 'शिंगाडा पीठ', ठळक अक्षरांत. कणीक कुणी भरली, हा प्रश्न कुणीही विचारला नाही, कारण उत्तर चौथी पुरी हातात घेऊन बसलं होतं. आईने बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि निवाडा दिला.

"चिठ्ठीवर शिंगाडा होतं ना? मग माझा उपास मोडला नाही. पाप चिठ्ठीच्या नावावर." आणि तिने चौथी संपवली.

हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागलं, की घरात स्थलांतर चाललं आहे. जुनी मांडणी भंगारवाल्याला द्यायची होती. 'तात्पुरती' म्हणून ती ड्राय बाल्कनीत भिंतीला लावली होती. आधी तिच्यावर मोठी ताटं गेली, कारण ती ट्रॉलीत बसत नव्हती. मग ताटांना सोबत म्हणून वाट्या गेल्या. मग कुकर, दांड्यासकट. मग पोळपाट-लाटणं, ताटल्या, तवा. महिनाभरात रोजचा सगळा संसार तिकडे नांदायला गेला. आणि तीनशे चार स्टीलच्या, सावकाश मिटणाऱ्या, घरातल्या सर्वांत महागड्या खणात काय आहे? पिशव्या. एका पिशवीत घातलेल्या पिशव्या, आणि तशा पिशव्यांच्या तीन पिशव्या. बाकी झाकणांसाठी मात्र मी दाराच्या आतल्या बाजूला खास स्टँड बसवून घेतला आहे. चौतीस झाकणं, उतरत्या क्रमाने. माझ्या आराखड्यातला तेवढा एक भाग जसाच्या तसा उरला आहे.

परवा तिघी कोल्हापूरला लग्नाला गेल्या. रविवारी सकाळी सहाला मी उठलो. घर माझं होतं. पातेलं ठेवलं, पाणी ठेवलं. 'चहा' असं लिहिलेल्या बरणीत चहाच होता, हे बघून ऊर भरून आला. मग 'साखर' उघडली. चव घेतली. सैंधव. मी आईला फोन लावला. मागे सनई वाजत होती.

"आई, साखर कुठाय?"

"कुठे उभा आहेस?"

"ओट्यासमोर."

"खालचा मधला खण ओढ. तो नाही रे, त्याच्या खालचा. डावीकडे श्रीखंडाचा डबा आहे, त्यात खोबरं आहे, तो बाजूला कर. मागे तुझ्या आजोबांचा पितळी डबा असेल. त्यात साखर. आणि त्याच्या शेजारच्या डब्याला हात लावू नकोस, तो घट्ट बसलाय, सांडशील."

मी ओढला. केला. होता. शेजारचा डबासुद्धा घट्टच होता, मी हात लावून पाहिला. कोल्हापूरच्या कार्यालयात, अक्षता हातात घेऊन उभी असलेली माझी आई पुण्यातल्या त्या खणात अंधारात हात घालून बसली होती. माझ्या बेचाळीस चिठ्ठ्या तिच्यासमोर म्हणजे निव्वळ छपाई.

चहा उकळला. मी ऐटीत दार उघडलं. स्टँडवरून एकही झाकण पडलं नाही. एक लावून पाहिलं, मोठं झालं. दुसरं आत पडता पडता वाचलं. तिसरं, चौथं, पाचवं. चौतीसच्या चौतीस झाली.

"आई, चहाच्या पातेल्याचं झाकण कुठलं गं?"

"चहाच्या पातेल्याला कुठलं झाकण?" सनईच्या वरताण आवाज आला. "त्याच्यावर आपण ताटली ठेवतो. नेहमीच. तुझ्या लहानपणापासून."

मी चौतीस झाकणांकडे पाहिलं. उतरत्या क्रमाने ती माझ्याकडे पाहत होती.

ताटली कुठाय, हे मात्र मी विचारलं नाही.